नगरपालिकांचा जमाखर्च : खानदेश ग्याझेटियरांतील एक भागाकार

मुंबई सरकारच्या ग्याझेटियरमालेंतील खानदेशाचा बारावा खंड जेम्स कॅम्बेल यांच्या संपादकत्वाखालीं १८८० सालीं प्रसिद्ध झाला. इंग्रजांची १६७४ ची वखार, १६७५ ची शिवछत्रपतींची स्वारी आणि १८२५ पासून औट्रमनें उभारलेली भिल्लांची पलटण, एवढ्यांसाठीं धरणगांवचा उतारा बहुतेक वाचकांनीं पाहिला असेल. आम्हांस लिहावयाचें आहे तें त्याच खंडांतील नगरपालिकांच्या जमाखर्चाच्या कोष्टकाविषयीं. तें सहसा कोणी वाचीत नाहीं, आणि वाचणाराची फसगत होते.

कोष्टकांत कराचा दरडोई आंकडा दिला आहे. वसुलास गांवच्या लोकसंख्येनें भागलें कीं तो निघतो. घरपट्टीपुरता हा भागाकार निर्दोष होय. जकातीचें तसें नव्हे. धरणगांव ही कापसाची व तेलबियांची पेठ. भोंवतालचा कुणबी येथें माल विकी आणि मीठ, गूळ, कापड घेऊन परते. माल जसाच्या तसा बाहेर गेला तर व्यापाऱ्यास जकातीचा परतावा मागतां येई. पदरांत शेरभर गूळ बांधून नेणारास परतावा कोठला? म्हणजे जेथें जकात हें उत्पन्नाचें मुख्य अंग, तेथें दिवाबत्तीचा व गटारांचा कांहीं भार खेडुतानें उचलला, आणि कोष्टकांत तो शहरवासीयाच्या नांवें मांडला गेला. खेडूतही रस्ता वापरीत होता, असा आक्षेप येईल. रस्त्यापुरता तो आम्हांस मान्य आहे; गांवची शाळा व पाणी यांस तो लागू पडत नाहीं.

कौटिल्य येथें अधिक चोख आहे. मिळून बांधावयाच्या सेतूंतून जो अंग काढील त्याचे मजूर व बैल कामावर यावेत, खर्चांत त्याचा वांटा असावा, लाभांत मात्र नसावा, असें तो सांगतो. ती चुकारास शिक्षा होती. आमच्या खेडुतानें न चुकतां तीच भोगली!

वाढत्या पेठेचा खर्च कोणावर पडला, हा प्रश्न मराठी अमदानींतही आहेच. नवी पेठ वसवितांना उदमी लोकांस कांहीं वर्षांच्या माफीचे कौल मिळत. त्या वर्षांत तेथील रस्ता व विहीर कोणाच्या पैशानें झाली, हें कौल सांगत नाहीं, हिशेब सांगतात. आणि आमचे संग्राहक मित्र रुमाल सोडला कीं सनदा-कौल बाजूस काढून जमाखर्चाच्या फर्दा पुन्हां बांधून ठेवतात! सनदेचा शिक्का देखणा असतो, हें खरें.

१९९९ सालीं महाराष्ट्रांतील नगरपरिषदांची जकात बंद झाली व तिच्या जागीं सरकारी अनुदान आलें. नाक्यावरील पावतीपुस्तकें व परताव्याचे अर्ज यांचें कचेरीपुरतें मोल तेथेंच संपलें. ज्यांच्या हातीं जुनीं पुस्तकें येतील त्यांनीं तीं रद्दीच्या तागडींत पडण्यापूर्वीं निदान परताव्याची बाजू तरी उतरून घ्यावी : कोणता माल, किती, कोणत्या महिन्यांत. आलेल्या मालांतून परताव्याचा माल वजा केला म्हणजे किरकोळ खपाचा अंदाज लागेल, आणि गांवच्या घरगणतीशीं तो ताडून पाहतां येईल. तोंवर १८८० चा दरडोई आंकडा नागरिकांचा कर म्हणून कोणींही उद्धृत करूं नये.