ओळंबा आणि ‘ऑटो’

गिरगावातली आमची चाळ पाडायचं ठरलं, तेव्हा मी तिचे फोटो काढायला गेलो. गल्ली अरुंद, मागे सरकायला जागा नाही. फोन वर तिरका धरला की तिन्ही मजले फ्रेममध्ये मावायचे, पण भिंती वर जाताना आत झुकायच्या. घरी येऊन एडिटिंग अ‍ॅपमध्ये ‘ऑटो’ दाबलं. भिंती सरळ झाल्या. फोटो घरच्या ग्रुपवर टाकला. काकांनी लिहिलं, “अरे, टेकू लावलेली भिंत सरळ कशी झाली?”

मी पुन्हा पाहिलं. दुसऱ्या मजल्यावरून भाजीवाल्यासाठी सोडलेल्या टोपलीची दोरी फोटोत तिरकी लोंबत होती. त्या दिवशी वारा नव्हता. चाळ खरोखरच डावीकडे कललीय; अ‍ॅपने तो कलही फोटोतला दोष समजून पुसला होता.

कॅमेरा वर कलला की सेन्सर भिंतीला समांतर राहत नाही. इमारतीचा वरचा भाग लांब पडतो, म्हणून अरुंद दिसतो. अ‍ॅप तो ताणून रुंद करतं आणि उरलेल्या कडा कापतं. चित्रातल्या रेषा त्याला दिसतात. त्यातली कुठली तिरपी आपल्या उभं राहण्यामुळे आली आणि कुठली घराच्या वयामुळे, हे कळत नाही.

मग सरळ रेषा खोट्याच का? बर्न्ड आणि हिला बेशर यांचे फोटो पाहिल्यावर तसं म्हणवत नाही. या जर्मन दांपत्याने १९५९पासून एकत्र पाण्याच्या टाक्या, झोतभट्ट्या, खाणींवरचे मनोरे टिपले. ढगाळ आकाश, मोठ्या फॉरमॅटचा कॅमेरा, आणि जमेल तिथे शिडी किंवा मचाणावर चढून घेतलेली उंची. बटण दाबण्याआधीच त्यांच्या रेषा सरळ असायच्या. तशा टाक्यांचे फोटो शेजारी-शेजारी मांडले की एकीचं दुसरीपासूनचं वेगळेपण उठून दिसतं. सरळपणा इथे मोजपट्टी आहे. त्याची किंमतही आहे: बघणारा माणूस कुठे उभा होता, हे फोटोत जाणवत नाही.

अलेक्झांडर रोद्चेंकोने १९२५ साली उलटं केलं. मॉस्कोच्या म्यास्नित्स्काया रस्त्यावरच्या, स्वतः राहत असलेल्या इमारतीच्या बाल्कन्या त्याने थेट खालून टिपल्या. पोटाशी कॅमेरा धरून काढलेल्या ठरावीक फोटोंचा त्याला कंटाळा होता. त्याचा फोटो पाहताना आपलीच मान अवघडते. पण इमारतीची तब्येत त्यातूनही कळत नाही. तिथली तिरपी बघणाऱ्याची आहे.

दोघांनीही कुठे उभं राहायचं ते ठरवलं होतं. ‘ऑटो’चा सरळपणा मला खटकतो तो यासाठी, की त्यात कुणीच कुठे उभं नसतं. पाडायच्या घराच्या बाबतीत हे महागात पडतं. उद्या चाळ नसेल, फोटो असेल. आणि तो सांगेल की ती धडधाकट होती.

मी मूळ फोटो पुन्हा उघडला. गवंडी ओळंबा सोडतो तशी ती टोपलीची दोरी आयतीच होती. दुसरी खूण म्हणून शेजारच्या नव्या इमारतीची कड धरली आणि या दोन रेषा हाताने उभ्या केल्या. आमची भिंत पुन्हा कलली. तिचे टेकू आता नुसते टेकवून ठेवलेले वाटत नव्हते. त्यांच्यावर भार दिसत होता.