नास्तिकता : धर्म की नकार?

नास्तिकाला ईश्वर नाही म्हणून नास्तिकता धर्म नव्हे, हा युक्तिवाद टिकत नाही. जैन आणि बौद्ध विचारांतही जगाचा कर्ता ईश्वर नाही. तरी ते धर्मच. मनुस्मृतीने तर वेदनिंदकालाच नास्तिक म्हटले. मग कसोटी कोणती?

१२ जानेवारी २००५ रोजी आपल्या सिंदखेडराजात शिवधर्माचे प्रकटन झाले. वैदिक कर्मकांड नाकारूनही त्याने नाव, सण, विवाहविधी दिले. म्हणून तो धर्म. नुसत्या नास्तिकांची बारसे, लग्न, मर्तिक यांची सामायिक रीत नसते. त्यांच्यावर धर्माचा शिक्का मारणे म्हणजे त्यांचा नकारच हिरावून घेणे. २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ‘माझा धर्म नाही’ असे सांगण्याचा हक्क मान्य केला. अर्जाच्या रकान्यातले ते ‘नाही’ उत्तर आहे, नव्या धर्माचे नाव नव्हे.