राखणदाराची राखण

मागील दिवाळीच्या सुटीत तारकर्लीच्या वाटेवर राहणाऱ्या एका स्नेह्यांच्या नव्या घरी जाण्याचा योग आम्हांस आला. घर टुमदार, अंगण प्रशस्त. आणि अंगणाच्या कडेला माडांच्या रांगेत एक अनपेक्षित पाहुणा उभा होता. तो होता आगगाडीचा जुना सिग्नल: लोखंडी खांब, वर तांबडा हात आणि हातावर पांढरा पट्टा. ज्या मालवणात रूळ अद्याप आलेला नाही, तेथे हा खांब भंगाराच्या बाजारातून पुष्कळ पैसे मोजून आणि त्याहून अधिक खटपट करून आणविला होता. हात खाली झुकलेला होता, म्हणजे ‘वाट मोकळी आहे, खुशाल या’ असे तो येणाऱ्या-जाणाऱ्यास सांगत होता. भिंगामागे विजेचा हिरवा दिवाही लाविला होता.

आम्ही जवळ जाऊन हात हलवून पाहिला, तो हलेना. “आडवा हात फार रुक्ष दिसतो, म्हणून झुकलेल्या स्थितीतच वेल्डिंग करून टाकला,” असे स्नेह्यांनी सांगितले. खांबाच्या पायथ्याशी असावयाचे बिडाचे वजन कोठे दिसले नाही. ते बेढब दिसे, म्हणून काढून ठेविले होते. सोलकढी उत्तम होती आणि गप्पाही रंगल्या. पण घरी परतताना ते काढून ठेविलेले वजन आमच्या मनातून जाईना.

हा एकट्या आमच्या स्नेह्यांच्या हौसेचा प्रश्न असता, तर त्यासाठी मासिकाची पाने खर्ची घालण्याचे कारण नव्हते. परंतु आमच्या ललित वाङ्मयातही असाच एक सिग्नल अलीकडे वारंवार उभा केलेला आढळतो. लेख कोणाचाही असो, देखावा ठरलेला: सायंकाळची वेळ, बंद फाटकापाशी थांबलेली बैलगाडी, दूरवर ‘खट्’ असा आवाज करून पडणारा सिग्नलचा हात आणि रॉकेलचा कंदील घेतलेला, पांढऱ्या मिशांचा, सदा समाधानी फाटकवाला. शेवटच्या परिच्छेदात विजेची आडकाठी येते, कंदील विझतो आणि लेखकाचा कंठ दाटून येतो. या लेखांतील हळहळ खोटी आहे असे आम्ही म्हणत नाही. तक्रार आहे ती अपुऱ्या निरीक्षणाची. या फाटकवाल्याच्या बारा-बारा तासांच्या पाळ्या, पावसात गळणारी त्याची कोठडी, डोळा लागला तर कोणाच्या तरी जिवावर बेतेल ही त्याची रात्रभरची धास्ती, यांपैकी काहीही त्या लेखांत येत नाही. सिग्नलचा हात येतो. पण त्याचे वजन तेथेही काढून ठेविलेले असते.

म्हणून त्या वजनाचे कार्य काय, हे प्रथम सांगितले पाहिजे. केबिनमधील माणूस तरफ ओढी. रुळांकडेच्या चाकांवरून धावत गेलेली तार त्या ओढीने ताणली जाई आणि दूरच्या खांबावरचा हात खाली येई. तरफ परत सोडली की पायथ्याचे वजन आपल्या भाराने हातास पुन्हा आडवे करी, आणि आडवा हात म्हणजे ‘थांब’. समजा, मध्येच तार तुटली. अशा वेळी काय होई? वजन खाली बसे, हात आडवा होई आणि गाडी थांबे. गाडीचा विलंब होई, प्रवासी चरफडत. परंतु माणूस मरत नसे. ‘मला काही कळेनासे झाले आहे, तरी पुढे येऊ नका’ असे आपले अज्ञान जाहीर करण्याची सोय त्या ओबडधोबड बिडाच्या तुकड्यात होती. ज्या यंत्रास आपली असमर्थता कबूल करता येते, ते यंत्र विश्वासास पात्र होय. मनुष्यांतही हा गुण दुर्मिळच.

हे शहाणपणही फुकट आलेले नाही. इंग्लंडात ॲबट्स रिप्टन या स्थानकाजवळ २१ जानेवारी १८७६ रोजी मोठे हिमवादळ चालू असता सिग्नलांचे हात बर्फाने गोठून ‘वाट मोकळी’ याच स्थितीत अडकून राहिले. केबिनमधील माणसाने तरफ फिरविली होती. आपण गाडी थांबविली आहे, असा त्याचा प्रामाणिक समज होता. परंतु ड्रायव्हरला दिसला तो मोकळ्या वाटेचा निरोप. एक जलद गाडी पुढच्या कोळशाच्या गाडीवर आदळली आणि त्या ढिगाऱ्यावर समोरून दुसरी जलद गाडी येऊन कोसळली. दहाहून अधिक माणसे दगावली. तोवर हात झुकलेला असणे ही नेहमीची रीत आणि धोका हा अपवाद अशी वहिवाट होती. त्या अपघातानंतर ती उलट झाली: नेहमीची स्थिती ‘थांब’ची, आणि ‘या’ म्हणावयाचे ते खात्री झाल्यावरच. आमच्या स्नेह्यांनी वेल्डिंग करून अंगणात नेमकी ती गोठलेली रात्र कायम करून ठेविली आहे, हे त्यांच्या ध्यानीही आले नसेल.

फाटकाची गोष्ट याच तत्त्वावर उभी आहे. जेथे फाटक आणि सिग्नल एकमेकांशी जखडलेले असतात, तेथे फाटक बंद होऊन कुलूपबंद झाल्याशिवाय सिग्नल देताच येत नाही. आणि सिग्नल दिला असता फाटक उघडता येत नाही. फाटकवाल्यास घाई असो, राग असो की झोप असो, हा क्रम त्यास मोडता येऊ नये अशी ती योजना. एखाद्या उत्तम निबंधात जसे पहिले विधान सिद्ध झाल्याशिवाय दुसरे येत नाही, तशीच ही लोखंडातली तर्कसंगती होय. या खांबांच्या सौंदर्याविषयी लिहावयाचे असेल तर येथे लिहावे, असे आम्हांस वाटते.

मग असे गुणी खांब काढावे तरी का? कारण गुण तोच ठेवूनही अधिक चांगले करता येते. उन्हाने तार सैल पडते. फार लांबवर ती ओढणे जड जाते. रॉकेलचा दिवा धुक्यात मिणमिणतो. गाड्या वाढल्या आणि वेगही वाढला, तेव्हा हे पुरेना. मुंबईत व्हिक्टोरिया टर्मिनस ते भायखळा या मार्गावर १९२८ सालीच आपोआप बदलणारे रंगीत दिवे लागले होते. तेव्हा ‘जुने विरुद्ध नवे’ हा तंटा वाटतो तितका ताजा नाही. जुने हात कोठे टिकले याचे आपल्याकडील उत्तम उदाहरण म्हणजे वऱ्हाडातील ‘शकुंतला’. मूर्तिजापूरहून यवतमाळ व अचलपूर या दोन्ही बाजूंस जाणारी ही अरुंद रुळांची गाडी १९९४ पर्यंत कोळशाच्या इंजिनावर चालली. तिच्या सिग्नलांवर लिव्हरपूलची घडण आणि १८९५ हे साल कोरलेले असल्याचे तिच्यावर लिहिणाऱ्यांनी नमूद केले आहे. गाडीबरोबरची मोजकी माणसे तिकिटे देत आणि सिग्नलाचेही पाहत. हे सारे शोभले, कारण वेग ताशी वीसएक किलोमीटरचा आणि समोरून दुसरी गाडी येण्याचा संभव जवळजवळ नाही. तेथील जुनेपण रसिकतेने राखलेले नव्हते, दुर्लक्षाने राहिले होते. आणि त्याच दुर्लक्षाने पुढे गाडीही बंद पडली.

आता दुसऱ्या पक्षाचे म्हणणे ऐकावे. नागपूरजवळ कन्हान येथे ३ फेब्रुवारी २००५ रोजी लग्नाच्या वऱ्हाडाची ट्रॅक्टर-ट्रॉली पहारा नसलेल्या फाटकावर आगगाडीखाली सापडली आणि पन्नासांवर माणसे प्राणास मुकली. तेथे ना जुना हात होता, ना नवा दिवा. डॉ. अनिल काकोडकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने फेब्रुवारी २०१२ च्या अहवालात पाच वर्षांत सर्वच फाटके काढून तेथे पूल अगर भुयारी मार्ग करावे, अशी शिफारस केली. सारी फाटके गेली नाहीत. परंतु रुंद रुळांवरील बिनपहाऱ्याची फाटके जानेवारी २०१९ अखेर नाहीशी झाली. ज्या घरांतील वऱ्हाड परत आले नाही, त्यांच्यासमोर कंदिलाच्या काव्याचा उच्चार करण्याचे धाडस आम्हांस होणार नाही.

तथापि नव्याच्या भक्तांनीही येथे फार हर्ष मानू नये. ओडिशात बालासोरजवळ बहानगा बाजार स्थानकात २ जून २०२३ रोजी कोरोमंडल एक्स्प्रेसला सरळ मार्गाचा हिरवा दिवा मिळाला. सांधे मात्र वळलेले होते, आणि त्या वळणावर मालगाडी उभी होती. २९० हून अधिक माणसे मेली. चौकशीत जे निघाले ते या लेखाच्या विषयाशी विलक्षण जुळते. एका फाटकाची विजेवरची आडकाठी बदलण्याच्या कामात, आणि त्यापूर्वीच्या एका फेरजोडणीतही, तारांच्या चुका राहून गेल्या होत्या. सुरक्षिततेसाठी हाती घेतलेल्या सुधारणेतच सुरक्षिततेचे तत्त्व हरपले. जुनी तार तुटली तर शेतातल्या पोरासही दिसे; नवी तार पेटीत असते आणि तिची चूक हिरव्या रंगाने हसते. नव्या यंत्रास जागा द्यावीच; परंतु ‘तुझे वजन कोठे आहे?’ हा प्रश्न त्यास विचारल्याशिवाय देऊ नये.

अन्य देशांनी हा प्रश्न आपापल्या परीने सोडविला आहे. अमेरिकेत ॲल्बर्ट हंट या इंजिनियराने १९०९ च्या सुमारास फाटकासाठी लंबकाप्रमाणे झुलणारी, मध्ये तांबडा दिवा असलेली तबकडी योजिली. लुकलुकणाऱ्या जोडदिव्यांचा प्रघात पडल्यावर त्या तबकड्या मागे पडल्या आणि आता हौशी लोकांच्या संग्रहांत व संग्रहालयांत जाऊन बसल्या. इंग्लंडातील हौशी मंडळींनी चालविलेल्या जुन्या लोहमार्गांवर तरफ, तार, वजन यांसह सबंध यंत्रणा आजही चालते; मात्र तेथे गाडीचा वेग सामान्यतः ताशी २५ मैलांच्या आत ठेवितात. ही दुसरी रीत आम्हांस अधिक पटते. वस्तू सगळी ठेविली, तिचे काम दिसू दिले, आणि तिच्या शक्तीबाहेरचा भार तिच्यावर टाकला नाही.

आमच्या सिंधुदुर्गात जुने हात कधी नव्हतेच. आमच्या लहानपणी फोंडाघाट चढून एस्टीने कोल्हापुरास गेलो, तेव्हा पहिला सिग्नल पाहिला. कोकण रेल्वे १९९८ साली पुरी झाली, ती रंगीत दिवे घेऊनच. आणि रूळ पुष्कळ ठिकाणी रस्त्याच्या वरून किंवा खालून गेल्यामुळे फाटकेही तुरळक. या वादात आम्हांस काय, असे कोणी म्हणेल. परंतु २२ जून २००३ च्या रात्री वैभववाडीजवळ रुळांवर आलेल्या दरडीच्या दगडांवर कारवारहून मुंबईस निघालेली सुटीची खास गाडी आदळली आणि पन्नासांहून अधिक प्रवासी दगावले. ती पावसाळी सकाळ, आणि चाकरमानी असलेल्या प्रत्येक घरातून फिरलेला तो एकच प्रश्न ‘आपला कोण होता काय?’, आम्ही विसरलो नाही. दिवे नवे होते. डोंगर सुटला आहे, हे मात्र त्यांस ठाऊक नव्हते. त्यानंतर डोंगरांस जाळ्या बांधल्या, उतार कापले आणि पावसाळ्याचे वेळापत्रक संथ केले. अतिवृष्टीत ताशी ४० किलोमीटरची मर्यादा पाळली जाते. आणि याशिवाय आणखी एक उपाय आहे, तो सर्वांत जुना: धोक्याच्या कातळांपाशी भर पावसात रात्रंदिवस गस्त घालणारा, हाती दिवा घेतलेला माणूस. त्यास कोणी वारसा म्हणून जतन केलेले नाही. तो अजून उपयोगी पडतो, म्हणून तो आहे.

आमच्या भाषेत ‘राखणे’ या एकाच क्रियापदाचे दोन अर्थ आहेत: जपून ठेवणे आणि रक्षण करणे. कोकणात गावोगावी राखणदार असतो. शिरोड्याजवळ आरवलीच्या वेतोबास भाविक मोठाल्या चामडी वहाणा वाहतात. देव रात्री गावभर फिरतो आणि त्या वहाणा झिजतात, अशी श्रद्धा आहे. श्रद्धेचा वाद बाजूस ठेविला, तरी राखणदार कोणास म्हणावे याची ही व्याख्या आम्हांस निर्दोष वाटते: ज्याच्या वहाणा झिजतात तो. जो राखतो त्यास कामावर राखावे, मग तो जुना असो वा नवा. ज्यास राखणे झेपत नाही त्यास मानाने कामातून मोकळे करावे, पण मोडून अर्धा ठेवू नये. तरफ, तार आणि वजन यांसह सबंध ठेवावा, म्हणजे पुढच्या पोरांना तो कसा राखी हे हाताने ओढून कळेल. लेखकांनीही त्याच्याविषयी लिहावे ते असेच सबंध.

हे सारे आम्ही आमच्या स्नेह्यांस पत्राने कळविले. उत्तर आले. वजन मागच्या पडवीत सुरक्षित आहे; हात पुन्हा हलता करावयास त्यांची हरकत नाही; मात्र वेल्डिंग तोडून देणारा चांगला कारागीर कुडाळहून आणावा लागेल, आणि तो पाऊस संपल्याशिवाय यावयाचा नाही.