‘लीलावती’तील उदाहरणे : गणित, व्यवहार आणि समाज

प्रास्ताविक

गणिताचा विज्ञानाशी, संस्कृतीशी व दैनंदिन व्यवहाराशी निकटचा संबंध आहे, हे विधान सर्वमान्य आहे. मात्र हा संबंध नेमका कोठे जुळतो, याची चिकित्सा क्वचितच होते. त्या दृष्टीने भास्कराचार्यांचा (जन्म इ. स. १११४) ‘लीलावती’ हा ग्रंथ विचारात घेण्याजोगा आहे. इ. स. ११५० मध्ये पूर्ण झालेल्या ‘सिद्धान्तशिरोमणी’चा तो अंकगणितविषयक भाग होय. चाळीसगावजवळील पाटण येथील इ. स. १२०७ च्या शिलालेखात भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचे नातू चांगदेव यांनी स्थापिलेल्या मठाचा उल्लेख आढळतो. त्यामुळे या परंपरेचे महाराष्ट्राशी असलेले नातेही स्पष्ट होते.

व्यवहार, विज्ञान व संस्कृती

ग्रंथाच्या प्रारंभीच परिमाणे येतात. २० वराटकांची एक काकिणी, ४ काकिणींचा एक पण, १६ पणांचा एक द्रम्म आणि १६ द्रम्मांचा एक निष्क. बेरीज-वजाबाकीच्या आधी विद्यार्थ्याला बाजाराची ओळख करून दिली जाते. परिघ व व्यास यांच्या गुणोत्तरासाठी ३९२७/१२५० हे सूक्ष्म, तर २२/७ हे व्यवहारापुरते स्थूल मान दिले आहे. किती अचूकता हवी हे प्रयोजनावरून ठरते, ही जाण यात दिसते.

विष्णूच्या चार हातांतील आयुधांच्या २४ मांडण्या किंवा सहा रसांची ६३ मिश्रणे मोजताना मूर्तिशास्त्र व पाकशास्त्र हेच गणिताचे विषय होतात. ७२ भुंग्यांचे उदाहरण तर काव्यमय म्हणून सर्वत्र उद्धृत केले जाते.

दुर्लक्षित उदाहरण

तथापि याच ग्रंथात व्यस्त त्रैराशिकाचे एक वेगळे उदाहरण आहे. सोळा वर्षांच्या स्त्रीचे मूल्य ३२ निष्क असेल, तर वीस वर्षांच्या स्त्रीचे किती? उत्तर २५ पूर्णांक ३/५ निष्क. त्याच्याच जोडीला बैलाच्या किमतीचे उदाहरण येते. माणसाच्या खरेदी-विक्रीची प्रथा येथे सहज गृहीत धरलेली आहे.

हे उदाहरण गणिताच्या अंगानेही तपासण्यासारखे आहे. वय वाढते तसे मूल्य व्यस्त प्रमाणात घटते, हे गृहीतक गणितातून निघत नाही. ते बाजाराच्या संकेतातून आले आहे. तोच नियम मर्यादेविना लावल्यास आठ वर्षांच्या मुलीचे मूल्य ६४ निष्क ठरेल. आकडेमोड निर्दोष असली तरी प्रमाणाचा नियम कोठे लावावा, हा निर्णय समाजाच्या धारणांवर अवलंबून राहतो.

समारोप

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतर भारतीय ज्ञानपरंपरेला अभ्यासक्रमात स्थान मिळत असताना ‘लीलावती’ची निवडक, रमणीय उदाहरणेच वर्गात नेण्याचा मोह संभवतो. तसे केल्यास गणित व जीवन यांचा संबंध केवळ शोभेचा ठरेल. भुंगे व दासी ही दोन्ही उदाहरणे एकाच ग्रंथकाराची व एकाच काळाची आहेत. ती शेजारी ठेवून शिकविल्यास ग्रंथाचे मोल उणावत नाही. उलट, आजच्या पाठ्यपुस्तकांतील नफा-तोटा, व्याज, मजुरी यांच्या उदाहरणांतही कोणती गृहीतके दडलेली आहेत, हे विचारण्याची सवय विद्यार्थ्यांना लागेल. या ग्रंथाच्या अध्यापनाचे खरे शैक्षणिक प्रयोजन तेच होय.