वेरूळच्या गिलाव्यांतील भांग व नाशिकचा जुना चुना

श्री. राजदेव सिंग व डॉ. मिलिंद सरदेसाई यांचा वेरूळ येथील प्राचीन गिलाव्यांतील भांगेविषयींचा निबंध २०१६ सालीं ‘करंट सायन्स’ या नियतकालिकांत प्रसिद्ध झाला. वर्तमानपत्रांतून त्याचा गवगवा पुष्कळ झाला. परंतु त्यांतील पुराव्याची छाननी इतिहासाच्या दृष्टीनें होणें अगत्याचें आहे. नाशिक प्रांतांतील जुन्या इमारतींच्या डागडुजीशीं या विषयाचा निकट संबंध असल्यामुळें तो प्रयत्न येथें करीत आहों.

निबंधाचा गुण प्रथम सांगितला पाहिजे. लेखकद्वयानें लेणें क्र. १२ मधील मातीच्या गिलाव्याचे नमुने घेऊन त्यांतील वनस्पतींचे अवशेष सूक्ष्मदर्शकाखालीं तपासले, अवरक्त किरणांच्या साहाय्यानें त्यांची परीक्षा केली आणि ताज्या भांगेच्या नमुन्यांशीं ते ताडून पाहिले. म्हणजे वनस्पतीची ओळख ऐकीव गोष्टींवर नव्हे, तर प्रत्यक्ष वस्तूवर उभारलेली आहे. एवढा भाग आम्ही निःशंक मान्य करतों.

अडचण पुढील पायरीस येते. अजिंठ्याच्या चित्रांपैकीं सुमारें चतुर्थांश भाग किड्यांनीं नासला, वेरुळास तसें झालें नाहीं, सबब भांगेनें गिलावा राखला, असें अनुमान लेखक काढतात. भांगेंत किड्यांस न मानवणारे गुण आहेत हें धरून चाललें, तरी दोन स्थळांतील भेद तेवढाच नाहीं. अजिंठ्याच्या गिलाव्यांत भाताचें तूस, गवत व इतर तंतू आहेत. तेथील ओल व जागेची ठेवण हींही निराळीं आहेत. एका लेण्यांतील नमुन्यावरून चौतीस लेण्यांचा निकाल लावणें घाईचें होय. शिवाय एखादी वस्तु गिलाव्यांत सांपडणें निराळें आणि ती कोणत्या हेतूनें घातली हें सिद्ध होणें निराळें. माती वाळतांना भेगा पडूं नयेत म्हणून तींत तंतुमय पदार्थ घालण्याची चाल जुनीच आहे. भांग त्याच कारणानें घातली नसेल कशावरून?

ग्रंथांची साक्ष काढावी, तर बृहत्संहितेंतील वज्रलेपांत तेंदू, कवठ, बेल, गुग्गुळ इत्यादि द्रव्यें येतात. मानसोल्लासांत म्हशीच्या चामड्याच्या सरसाचा उपयोग सांगितला आहे. परंतु ग्रंथांतील विधि म्हणजे गवंड्याचा प्रत्यक्ष व्यवहार नव्हे.

हीच चूक नाशिकास आम्ही उलट बाजूनें करीत असतों. नारोशंकराचें देऊळ १७४७ सालचें, सुंदरनारायणाचें १७५६ सालचें. अशा देवळांच्या व जुन्या वाड्यांच्या चुन्यांत गूळ, उडीद, बेलफळ घातलें होतें, असें जो तो सांगतो; पण पुरावा विचारला तर बोट कोणाच्या तरी आजोबांकडे जातें. वेरूळच्या लेखकांनीं निदान नमुना तपासला. आम्ही तेवढेंही करीत नाहीं.

येथें संग्राहकांचें काम आहे. इमारतखर्चाचे मोडी कागद हे रुक्ष म्हणून सनदा व पत्रें यांच्या मागें पडतात, आणि पुष्कळदां रद्दींत जातात. वास्तविक याच कागदांत हा वाद मिटविण्याची सामग्री असण्याचा संभव आहे. मात्र वाचतांना सावधगिरी हवी. ‘गूळ’ अशी नुसती रकम दिसली म्हणून तो चुन्यांत गेला असें होत नाहीं; तो मजुरांच्या शिध्याचाही असेल. भूस गिलाव्याचा कीं घाणीच्या बैलांचा, हेंही पाहिलें पाहिजे. रकम कोणत्या सदराखालीं, कोणत्या वस्तूंच्या जोडीला व किती वजनाची, हें उतरून घेतल्याशिवाय तिला पुरावा म्हणूं नये. आणि तिचा ताळा त्याच इमारतीच्या चुन्याच्या पृथक्करणाशीं घातला पाहिजे.

हा केवळ पंडिती वाद नाहीं. चुना हवेंतील कर्बवायु घेऊन सावकाश घट्ट होतो. गुळाची साखर त्याची विद्राव्यता वाढविते, उडदाचा चिकटा पाणी धरून ठेवतो, ताग भेगा आवरतो. उलट सिमेंटांत साखर अल्प प्रमाणांत पडली तरी तें जमण्यास विलंब लागतो. म्हणून जुनी कृति सिमेंटांत ओतून ‘पारंपरिक’ डागडुजी केल्याचें समाधान मानणें हें अज्ञान होय. आणि नुसतें सिमेंट जुन्या सांध्यांत भरलें तर आंतील ओल व क्षार अडून भोंवतालचें जुनें काम झिजतें. एकदां सांधा खरवडून टाकला कीं त्यांतील पुरावाही कायमचा गेला.

तरी वाचकांस विनंती कीं, आपल्या संग्रहांतील खर्चाच्या यादी पुन्हां एकदां पाहाव्या, आणि देवळाचें वा वाड्याचें काम निघाल्यास जुन्या चुन्याचा मूठभर तुकडा, जागा व दिनांक लिहून, राखून ठेवावा. वेरूळच्या निबंधानें प्रश्न नीट उभा केला, हें त्याचें श्रेय. उत्तर मिळालें असें मात्र आम्हांस वाटत नाहीं.