कळंब कोणते? : हवाईदलाच्या मृतसूचीची पाठचिकित्सा

प्राचीन ग्रंथांच्या संपादनामुळे पाठचिकित्सा ही शाखा मराठीच्या अभ्यासकांच्या परिचयाची आहे. महानुभावांची सकळ लिपीतील पोथी हाती आली, की लेखनिक कोण, त्याची बोली कोणती, त्याने कोणत्या अक्षराच्या जागी कोणते अक्षर वाचले असावे, हे प्रश्न ओघानेच विचारले जातात. हीच दृष्टी विसाव्या शतकातील सरकारी कागदांकडे वळवावी असे मात्र क्वचितच कोणास वाटते. छापील यादी हा जणू स्वयंसिद्ध पुरावाच. दुसऱ्या महायुद्धातील हवाईदलाच्या मृतांविषयी जे संशोधन होते, त्यातील पुष्कळसे वैगुण्य या एका समजुतीतून आले आहे; आणि त्याची झळ वैमानिकापेक्षा विमानाखाली राबणाऱ्या देशी माणसाला अधिक लागली आहे.

राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या सूचीत मृताचे नाव, क्रमांक, हुद्दा, पथक व मृत्यूची तारीख ही माहिती येते. भारतीय सैनिकांच्या बाबतीत तिच्या जोडीला पुष्कळदा पित्याचे नाव, गाव आणि जिल्हाही असतो. अशा एखाद्या नोंदीत गावाच्या जागी रोमन लिपीतील ‘कळंब’ एवढाच शब्द असेल आणि जिल्हा गळाला असेल, तर अभ्यासकाने कोठे जावे? एक कळंब यवतमाळ जिल्ह्यात, चिंतामणीच्या देवळामुळे प्रसिद्ध असलेले. दुसरे धाराशिव जिल्ह्यात. पुणे जिल्ह्यात दोन, एक आंबेगाव तालुक्यात आणि एक इंदापूर तालुक्यात वालचंदनगरलगत. आणखी एक कर्जतजवळ, एक वसईच्या समुद्रकाठी. ही सर्व गावे आज एका राज्यात असल्यामुळे प्रश्न किरकोळ वाटतो. युद्धकाळात तो तसा नव्हता. यवतमाळचे कळंब मध्यप्रांत व वऱ्हाडात होते, धाराशिवचे निजामाच्या राज्यात, उरलेली मुंबई इलाख्यात. म्हणजे एका शब्दाच्या वाचनावर भरतीचा प्रदेश, त्याचे दफ्तर आणि वारसांशी झालेला पत्रव्यवहार ही सारी दिशा अवलंबून राहते.

रोमन लिपीत ‘ळ’ला स्वतंत्र चिन्ह नाही, हे तर उघड आहे. परंतु हा दोष केवळ इंग्रजी कारकुनाचा मानणे हे इतिहासाला धरून होणार नाही. संस्कृत ‘कदंब’पासून आलेले हे वृक्षनाम सोळाव्या शतकाच्या अखेरीस फारसी लेखनिकांच्या हाती पडले, तेव्हाच त्याचा ‘ळ’ आणि शेवटचा ‘ब’ दोन्ही गेले. अबुल फजलच्या ‘आईन-इ-अकबरी’त वऱ्हाड सुभ्यातील एक सरकार ‘कलम’ म्हणून येते, ते हेच यवतमाळकडील कळंब. इंग्रजी अमदानीत याच परिसरातील वणी हे ‘वुन’ झाले आणि १९०५ पर्यंत साऱ्या जिल्ह्याचे तेच नाव होते; पुढे यवतमाळ ‘येवतमाल’सारखे लिहिले जाऊ लागले. तेव्हा जुन्या नोंदीत आजच्या वर्णलेखनाने गाव शोधणारा अभ्यासक रित्या हाताने परततो, आणि असे गाव सूचीत नाहीच असा निष्कर्ष काढतो. निष्कर्ष चुकीचा, पण त्याची खात्री मात्र पक्की!

व्यक्तिनामांची स्थिती याहून बिकट आहे. यवतमाळ जिल्ह्यातील गोंड समाजात ‘मडावी’ हे आडनाव सर्वत्र आढळते. रोमनमध्ये ‘ड’ आणि ‘द’ यांचा भेद राहत नाही, त्यामुळे तेच नाव ‘माधवी’ वा ‘मदवी’ असे वाचले जाते आणि एक पुरुषाचे आडनाव स्त्रीच्या नावात जमा होते. ‘पवार’ आणि ‘पोवार’ हे विदर्भात दोन निराळे समाज, पण कारकुनाच्या लेखी एकाच नावाची दोन रूपे. ‘काळे’ आणि ‘काले’, ‘ठाकरे’ आणि ‘थाकरे’ यांतील योग्य रूप मराठी भाषक सहज ओळखतो; परंतु ज्याने मराठी ऐकलेली नाही अशा लेखनिकाने जे लिहिले, त्याची प्रत दुसऱ्याने केली, आणि तिसऱ्याने ती टंकली, तर मूळ उच्चार परत मिळवण्यास पोथीशास्त्रातील प्रतींची वंशावळच मांडावी लागते.

वैमानिकाच्या बाबतीत ही अडचण इतकी का जाणवत नाही? त्याच्या मृत्यूला दुसरे साक्षीदार असतात: विमानाचा क्रमांक, उड्डाणाची नोंदवही, पथकाची दैनंदिनी. करुण कृष्ण मजुमदार हे १९४२ च्या फेब्रुवारीत ब्रह्मदेशातील टाँगू येथून लायसँडर विमाने घेऊन थायलंडमधील शत्रूच्या विमानतळावर गेले आणि फेब्रुवारी १९४५ मध्ये लाहोर येथे विमान कोसळून मरण पावले, हे कोणत्याही इतिहासात सापडते. टेहळणीसाठी बांधलेल्या त्या लायसँडरांना बाँब वाहून नेण्याजोगे ज्यांनी केले, त्या कारागिरांपैकी एकच नाव ठळकपणे उरले आहे, हरजिंदर सिंग यांचे. त्याचे कारणही उघड आहे. लाहोरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेले हरजिंदर सिंग हवाई सिपाही म्हणून भरती झाले, १९४२ मध्ये अधिकारी झाले, एअर व्हाइस मार्शल पदापर्यंत चढले, आणि त्यांच्या आठवणींचे पुस्तक निघाले. इंग्रजीत लिहू शकणारा एक जण इतिहासात आला. उरलेल्यांची केवळ संख्या आली, आणि तीही नक्की नाही. १ एप्रिल १९३३ रोजी पहिले पथक कराचीत ड्रिघ रोड येथे उभे राहिले, तेव्हाच्या पाच भारतीय वैमानिकांची नावे सर्वत्र एकसारखी दिली जातात. हवाई सिपायांची संख्या मात्र कोठे १९ तर कोठे २२. ज्या दलात महायुद्धाच्या अखेरीस सुमारे २८,५०० माणसे होती आणि त्यांत अधिकारी जेमतेम १,६०० होते, त्या दलाचा इतिहास मुख्यतः या सोळाशेंचा म्हणून लिहिला जावा, हे प्रमाण अभ्यासकाला खटकले पाहिजे.

‘हवाई सिपाही’ ही संज्ञाही विचार करण्याजोगी आहे. इंग्रज हवाईदलात याच दर्जाच्या माणसाला विमानाशी नाते सांगणारे पदनाम होते. भारतीयाला मात्र पायदळातील ‘सिपाही’ला ‘हवाई’ हे विशेषण जोडून नाव दिले गेले. तंत्रज्ञ म्हणून त्याची ओळख संज्ञेतच पुसली गेली. मराठीत तरी आपण काय केले? ‘भूदल’ म्हणावे तर पायदळाचा बोध होतो, ‘भू-कर्मचारी’ हा कोशातला शब्द कोशातच राहिला, आणि बोलण्यात ‘ग्राउंड स्टाफ’ रूढ झाले. ‘कॅज्युअल्टी’चीही तीच गत. त्या संज्ञेत मृत, जखमी, बेपत्ता आणि युद्धकैदी असे सारे येतात. आपल्या ‘हताहत’मध्ये बेपत्ता बसत नाही, ‘जीवितहानी’त जखमीही नाही. इंग्रजी अहवालातील आकडा मराठी लेखात ‘इतके ठार’ म्हणून उतरतो तो येथे.

संशोधनाच्या दृष्टीने सर्वांत मोठी गफलत स्मारकांच्या निवडीत होते. ब्रह्मदेशावर बेपत्ता झालेल्या माणसाचे नाव रंगूनजवळील टौक्यान येथे पाहण्याची स्वाभाविक प्रवृत्ती असते. तेथील रंगून स्मारक भूसेनेचे आहे. दक्षिण व पूर्व आशियाच्या आकाशात नाहीसे झालेल्या, ज्यांची समाधी ज्ञात नाही अशा वायुसैनिकांची नावे सिंगापूरच्या क्रांजी येथील स्मारकावर आहेत. १९५७ मध्ये अनावरण झालेल्या त्या स्मारकावर २४,००० हून अधिक नावे कोरलेली आहेत. ज्यांचे दहन झाले त्यांच्यासाठी दोन्ही ठिकाणी स्वतंत्र दहनस्मारके आहेत. आणि जो यंत्रकारागीर प्रत्यक्ष रणक्षेत्रापासून दूर, भारतातीलच एखाद्या तळावर हिवतापाने गेला, त्याच्यासारख्यांची नावे दिल्ली व कराची येथील जोड-स्मारकांशी संलग्न नोंदवहीत आहेत. तेथे २५,००० हून अधिक व्यक्ती नोंदलेल्या आहेत. दगडावर नाव नाही म्हणून सूचीतही नाही, असे मानणारे लेख आजही लिहिले जातात. वस्तुतः आयोगाच्या नियमाप्रमाणे ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७ या काळात सेवेत असताना आलेला मृत्यू, मग तो गोळीने असो वा तापाने, नोंदीस पात्र ठरतो. येथे आयोगाला दोष देता येत नाही. पहिल्या महायुद्धाविषयी तो देता येतो, आणि २०२१ च्या अहवालात आयोगाने तो स्वतःच स्वीकारला: किमान १,१६,००० मृत, प्रामुख्याने आफ्रिका व मध्यपूर्वेतील, नावानिशी नोंदलेच गेले नव्हते.

परंतु ‘सेवेत’ या शब्दाची कुंपणरेषा ध्यानात घेतली पाहिजे. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ जहाजाचा स्फोट झाला. त्या जहाजातून दारूगोळा, सोने आणि कापूस यांच्याबरोबर हवाईदलाची स्पिटफायर विमानेही आली होती. आग विझवताना गेलेल्या ६६ अग्निशामक जवानांचे स्मरण दरवर्षी केले जाते. एकूण मृतांची संख्या मात्र ८०० ते १,३०० अशी सैलपणे सांगितली जाते. या दोन आकड्यांतील पाचशेंच्या फरकात गोदीतील हमाल आणि आसपासच्या वस्त्यांतील माणसे आहेत. त्यांपैकी जे विमानांच्या पेट्या उतरवण्यासाठी तेथे होते, त्यांचे काम हवाईदलाचेच होते. नाव कोणत्याही दलात नव्हते.

तेव्हा कळंबच्या माणसाचा शोध सूचीत सुरू झाला तरी तो गावातच पुरा करावा लागतो. वऱ्हाडात यासाठी दोन साधने हाताशी आहेत: गावचे कोतवाल बुक आणि शाळेची दाखल-खारीज नोंदवही. परमुलखात मेलेल्याचा मृत्यू कोतवाल बुकात बहुधा सापडणार नाही. त्याचा जन्म आणि त्याच्या लेकरांचे जन्म सापडू शकतात. त्या नोंदी गावच्याच माणसाने, आपल्या लिपीत, नाव कानाने ऐकून केलेल्या असतात. तेथे ‘ळ’ हा ‘ळ’ असतो आणि मडावी हा मडावीच असतो. सूचीतील रोमन नाव त्या नोंदीशी पित्याच्या नावासह जुळवून पाहिल्याशिवाय अमुक मृत अमुक कळंबचा असे विधान कोणीही करू नये. आणि जुळले नाही, तर तो तेथील नव्हताच असेही लगेच म्हणू नये. आधी उरलेली पाच कळंबे पाहावीत.