गिरमिटाच्या मुलखातील गाणे

१८४५ ते १९१७ या काळात, बहुतांशी कलकत्त्याच्या बंदरातून, गिरमिटाच्या करारनाम्यावर अंगठा उठवून जे १,४३,०००च्या आसपास स्त्री-पुरुष त्रिनिदादच्या उसाच्या मळ्यांवर गेले, त्यांच्या नावागावाची, उंचीची आणि अंगावरील खुणांचीही नोंद सरकारी दप्तरात झाली. परंतु त्यांच्या कंठातून जी मिरास समुद्रापार गेली, तिची रुजुवात कोणा कारकुनाला घालता आली नाही. त्या मिराशीवर ज्यांनी आपली गायकीची वाट बांधली, त्या सुंदर पोपो यांचे स्मरण, परमुलखात गाणे जपणाऱ्या आपल्या मंडळींनी अगत्याने करावे असे मला वाटते.

१९४३ साली त्रिनिदादमधील बॅरकपूर या गावी त्यांचा जन्म झाला. वडील ताशा वाजवीत, आई गात असे. पुढे पोटासाठी कारखान्यात पहारेकऱ्याची नोकरी करीत असतानाही गाणे सुटले नाही. त्या समाजात लग्नाआधी ‘माटीकोड’ नावाचा विधी असतो. बायका ताशाच्या नादावर माती खणून आणतात आणि पुरुषांच्या कानाआड, आपल्याकडील विहिणींच्या गाण्यांना लाजवील अशी मोकळी, चावट गाणी गात नाचतात. ज्या गीतप्रकाराला पुढे ‘चटणी’ हे नाव मिळाले, त्याचे एक मूळ त्या अंगणात आहे.

१९६९च्या सुमारास मोईन मोहंमद यांच्या पुढाकाराने आणि हॅरी महाबीर यांच्या वाद्यवृंदाच्या साथीने पोपो यांचे ‘नाना अँड नानी’ ध्वनिमुद्रित झाले. मद्याची हौस असलेल्या वृद्ध जोडप्याचे ते गाणे अर्धे आजोबांच्या भोजपुरी वळणाच्या बोलीत आणि अर्धे त्रिनिदादच्या रस्त्यावरील इंग्रजीत आहे. या मिश्रणास मी भेसळ म्हणणार नाही. कारण ज्या पिढीचे शिक्षण इंग्रजीत झाले होते, तिला आजीच्या शब्दांपाशी पुन्हा आणून बसविण्याचे सामर्थ्य, माझ्या मते, केवळ शुद्ध बोलीच्या आग्रहात नव्हते.

वाद्यांविषयीही त्यांची वृत्ती अशीच उदार होती. त्यांनी विजेची गिटार जवळ केली, पण ढोलक सोडला नाही आणि ‘धनताल’ही सोडला नाही. हा धनताल म्हणजे बैलगाडीच्या आसासारखी लांब पोलादी कांब. एका हाताने ती उभी धरून, दुसऱ्या हातातील नालाच्या आकाराच्या लोखंडाने तिच्यावर आघात करायचा, आणि धरलेली मूठ क्षणात आवळून, क्षणात सैल सोडून नाद कधी मिटवायचा, कधी वाहू द्यायचा. विलायती वाद्यांच्या गर्दीतही हा टणत्कार स्पष्ट ऐकू येतो.

१९९३ साली त्यांना देशाचे हमिंगबर्ड पदक मिळाले. २००० साली ते निवर्तले. त्यापूर्वीच त्यांचे ‘कैसे बनी’ हे गाणे मुंबईच्या बाबला यांच्या वाद्यवृंदासह कांचन यांनी गाइले होते. मुदत संपूनही ज्यांच्या नशिबी परतीचे जहाज आले नाही, त्यांच्या वंशजाचे गाणे असे मुंबईस पोहोचले.